पेटवलेलं खत
कुठे वाळकी पानं जाळल्याचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. वारज्यातल्या आमच्या सोसायटीची बाग एक बागकामाची संस्था सांभाळायची. त्यांच्या माळीणबाई गळलेलं एकही पान गेटबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. जाळीच्या पिंजऱ्यात पानांचे थर लावायच्या, त्यावर शेणपाणी शिंपडायच्या आणि दर आठवड्याला सगळं खालीवर करायच्या. सहा महिन्यांनी तळाशी काळंभोर, भुसभुशीत खत झालं. तेवढ्यात स्वच्छ सोसायटी स्पर्धेचे परीक्षक येणार म्हणून चेअरमनसाहेबांच्या डोळ्यांत तो ढीग खुपायला लागला. "साहेब, खालचं खत तयार हाय. दोन दिस द्या, चाळून झाडांना घालते," बाई म्हणाल्या. "अहो बाई, कचऱ्याला मुहूर्त कधीपासून लागायला लागला?" असं म्हणून त्यांनी ढीग पेटवला. वरची पानं भडकली आणि आतलं खत रात्रभर धुमसत राहिलं. बाई दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. स्पर्धेत आम्हाला बक्षीस मिळालं, खताची दोन पोती. त्या माणसाला मी आजही मनातल्या मनात शिव्या घालतो. पण त्याने हात पुढे केल्यावर खिशातली काडेपेटी काढून दिली होती, ती मी.