टेकाडावरचा बगीचा

सेलूला आमच्या वस्तीमागे कापसाच्या जिनिंग कारखान्याची भिंत होती आणि भिंतीलगत बॉयलरच्या राखेचं टेकाड. जळका कोळसा आणि राख वर्षानुवर्षं तिथंच टाकल्यामुळं ते दोन पुरुष उंच झालं होतं. त्याच्या पलीकडच्या अंगाला आम्ही बायका पहाटे आणि दिवेलागणीनंतर जायचो. वस्तीत कुणाकडंच संडास नव्हता. राख हाताशी, त्यामुळं घाणही राहायची नाही. रूळ जवळून गेलेले. गाडी आली की सगळ्या उभ्या राहायच्या, गेली की पुन्हा बसायच्या.

जिल्ह्याचे मोठे अधिकारी तालुकदारसाहेब दौऱ्यावर येणार म्हणून जिनिंगच्या मालकांनी त्या टेकाडाचा बगीचा करायचं ठरवलं. माझे सासरे मजुरांचे मुकादम. वस्तीत कुणाची हरकत आहे का, विचारा, असं मालकांनी त्यांना सांगितलं. त्यांनी ओसरीवरूनच विचारलं. आत चुलीजवळ सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी.

"आमची कशाची आलीय हरकत?" सासूबाई म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार? सासऱ्यांपुढं तो विषय काढणं शक्य नव्हतं. इतर घरांतही हेच झालं असणार, कारण सगळे राजी आहेत असं सासऱ्यांनी मालकांना कळवलं. बायका कुठं जातात हे पुरुषांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या ध्यानात आलं नाही, इतकंच.

टेकाड उतरतं केलं, वर शेतातली काळी माती टाकली, मेंदी लावली, बाकं मांडली, गॅसबत्ती टांगली. पुरुष संध्याकाळी तिथं बसू लागले ते जेवायची वेळ टळली तरी उठेनात. पहाटेपर्यंत कळ काढायची म्हणून आम्ही रात्रीचं जेवण सोडलं, दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं. जाऊबाईंना सहावा महिना होता. त्यांचे हाल बघवत नव्हते.

मग शुक्रवारची संध्याकाळ बायकांसाठी ठेवली. बगीच्याला चारी बाजूंनी कनाती लावल्या. तहसीलदारांच्या बेगम आल्या, चहा झाला, वस्तीतल्या बायकांनाही बोलावणं होतं. आत एकही पुरुष नाही आणि सगळीकडून जाड कापडाचा आडोसा. जाऊबाई मेंदीमागं गेल्या. शेजारीण गेली. मग मीही गेले. बेगम फेरी मारत नेमक्या तिकडंच आल्या. मी लुगडं सावरत उठले, पण लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी चटकन पाठ फिरवली आणि तशाच उभ्या राहून विचारलं, "पैले कायकू नै बोले, माँ?"

"कोणाला बोलावं, बीबी?" जाऊबाई म्हणाल्या. "इचारणारे आमचे सासरेच व्हते."

आठवड्याच्या आत बगीच्याच्या कडेला बायकांसाठी पत्र्याचा आडोसा बांधला गेला. म्हणजे गोष्ट बेगमकडून तहसीलदारांना, तिथून मालकांना आणि मालकांकडून सासऱ्यांना कळली होती. ते चार दिवस जेवायला आत आले नाहीत. ताट ओसरीवर द्यावं लागलं. त्यात आडोशाचं दार बाकांसमोर केलेलं. सगळ्या पुरुषांच्या नजरेखालून टमरेल घेऊन कोण जाणार? कुणीच जाईना.

एका संध्याकाळी जाऊबाईंना कळ सोसवेना. मी टमरेल भरलं, त्यांचा दंड धरला आणि बाकांपुढून चालू लागले. एका बाकावर सासरे बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, उठले आणि खाली बघत निघून गेले. त्यांच्यामागोमाग बाकीचेही उठले. जाऊबाई आत गेल्या. मी दाराशी उभी होते आणि माझे कान तापले होते. त्या वेळी मला रेल्वेखाली जीव द्यावासा वाटला, हे खरं आहे.

त्यानंतर दिवेलागणीला त्या बाकांवर कुणी बसलं नाही. वस्तीतल्या बायकांची सोय झाली. सासरे मला आधी पोरी म्हणून हाक मारायचे. पुढं पाणी हवं असलं तर नुसतं खाकरायचे, आणि मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत यायची.