दामण बांधायची नाही

राजपुरीच्या जेटीवरून पाण्यातल्या किल्ल्यावर टुरिस्ट नेणाऱ्या शिडाच्या होड्या आहेत, त्यातली एक आमची. माझा बा तिचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा. त्या होडीच्या कमाईवर मी शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, आता न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या ऑफिसात काम करते. हे मी खालच्या आवाजात सांगत नाही. का सांगावं?

यंदा दिवाळीला घरी गेले आणि पहिल्याच सकाळी चैन पडेना. बानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. विचारलं तर म्हणाला, "कप गरम हाय." गरम कप कोण दोन हातांनी धरतं? आय पाठमोरी भाकरी थापत राहिली. मी अंगणात गेले, आत आले, परत अंगणात.

"पायाला भिंगरी लावून आलीस काय गं?" आय म्हणाली, पण वळून बघितलं नाही.

दुपारी मी सरळ होडीत जाऊन बसले. आमचा शीड चढवणारा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो पुढून ओरडला, "आज ऑफिसची तपासणी वाटतं! मॅडम, जॅकेट घाला, न्हायतर दंड."

"तू आधी दाढी कर, मग दंड लाव."

टुरिस्ट हसले. बा हसला नाही. "घरी बसायचं सोडून कशाला आलीस?" एवढंच म्हणाला.

जाताना वारा मंद होता. येताना किल्ल्याचा आडोसा सुटला आणि शीड फाडकन फुगलं. मी मागं बाकडं बघितलं.

शिडाच्या खालच्या मोकळ्या कोपऱ्याला दोर असतो, ती दामण. तिचं टोक तांडेलाच्या हातात. वारा अंगावर आला की ती सैल सोडायची, शीड रिकामं होतं, होडी सरळ होते. म्हणून दामण हातात धरायची, बांधायची कधीच नाही. लहानपणी मी पाटाची होडी करून तिला फडक्याचं शीड लावायचे, तर बा तिथंही येऊन गाठ सोडायचा. "बांधलीस की होडी वाऱ्याची झाली, आपली न्हाय."

आणि आज बाचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. सुकाणू डाव्या काखेत. दामण त्याच्या शेजारच्या आडव्या फळीकडं जात होती आणि फळीवर त्याचा टॉवेल पसरलेला. टॉवेलाखाली काय आहे ते न बघताच कळलं. ताणलेला दोर थरथरत होता.

खाडीच्या तोंडाकडं पाणी काळं पडत आमच्याकडं सरकत होतं. वाऱ्याचा झोत येत होता. मी माणसांच्या गुडघ्यांवरून मागं गेले. एका काकूंच्या भेळेवर पाय पडला, त्या म्हणाल्या, "अहो, बघून!" टॉवेल ओढला. दोन वेढे आणि वर पक्की गाठ.

"हात लावू नको," बा दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू दे."

"मी सांगतो ना."

"तूच सांगितलंयस. आधीपासून."

गाठ पाण्यानं आवळलेली. नखानं, मग दातानं. तोंडात काथ्याचं खारट तूस आलं, वेढे निघाले आणि तेवढ्यात झोत आदळला. होडी कलंडली, पाणी काठावर आलं, कुणीतरी किंचाळलं. मी दोर सोडत गेले. तळवे भाजले. शीड फडफडलं आणि होडी हळूहळू उठली. चुलतभाऊ पुढून बघत होता. माझ्याकडं नाही, खाली पडलेल्या टॉवेलाकडं.

जेटीवर माणसं उतरली. काकू म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही यांच्या स्टाफमध्ये का?"

"मालकीण," मी म्हणाले.

रिकाम्या होडीत बा तसाच बसून राहिला. मग उजवा हात उचलून त्यानं माझ्यासमोर धरला. "मूठ वळत न्हाय. गणपतीपासनं."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हनंल होडी सोड. सोडून काय करू? जेटीवर शहाळी विकू?" दोराकडं बघून म्हणाला, "तू सोमवारी न्हाव्याला जानार. दामण कोन धरंल, ते सांग. शिकलीयस ना."

उत्तर तर समोरच, चुलतभावाच्या रूपात दोर गुंडाळत होतं, पण ते मी सांगून चालणार नव्हतं. तांडेलानं स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं. म्हणून एवढंच म्हटलं, "धरणारा मिळाला तर मी काही बोलणार नाही. पण परत बांधलीस तर सगळ्या जेटीला ओरडून सांगेन."

"आयवर गेलीयस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी होडी भरली. मी मुद्दाम वरच थांबले. एका जागी उभं राहवेना, जेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. शीड चढलं. बानं सुकाणू काखेत घेतलं आणि पुढं बघून हाक मारली.

"ए, हिकडं ये. मागं."

चुलतभाऊ आला.

"धर ही."

त्यानं दामण हातात घेतली. होडी लांब गेली तरी बाचा आवाज पाण्यावरून येत होता, "सैल! सैल म्हटलं ना, कानात काथ्या भरलाय काय?" माझी मूठ आवळलेली होती. त्याच्या प्रत्येक ओरडण्याबरोबर ती आपोआप सैल होत होती, आणि पुन्हा आवळत होती.