थंड केलेले कागद

माझे मामू कुराणशरीफशिवाय दुसरं काही वाचत नसत, आणि तेही अक्षर अक्षर जुळवून. अर्थ विचारला तर म्हणायचे, "अर्थ वरच्याला ठाऊक, तू गुमान वाच मेल्या." अशा माणसाने एका मोठ्या पत्रकाराचं अख्खं पुस्तक समुद्रात बुडवलं, आणि तेही वजू करून, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुऊन! इतकी वर्षं झाली, पण मला ते अजून खरं वाटत नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आखातातल्या दोह्यात आम्ही रत्नागिरीकडच्या मुसलमानांनी मिळून एक घर भाड्याने घेतलं होतं, त्याला मेस म्हणायचो. मी तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये क्लार्क होतो आणि मामू किनाऱ्यावर गलबतांचं सुतारकाम करायचे. तिथे एक पाकिस्तानी गृहस्थ राहायला आले. एका व्यापाऱ्याकडे इंग्रजी पत्रं लिहायची नोकरी त्यांना मिळाली होती. आम्ही त्यांना भाईसाब म्हणायचो.

भाईसाब फाळणीआधी मुंबईत एका उर्दू पेपरात होते, म्हणून मराठी समजायची आणि मोडकीतोडकी बोलायचेही. मग कराचीला गेले. बातमीदाराचे संपादक झाले, त्यांचे अग्रलेख लोक नाक्यावर मोठ्याने वाचायचे म्हणे. पुढे लष्कराने राज्य घेतलं. एक दिवस ऑफिसात जाऊन बघतात तर त्यांच्या खुर्चीत सरकारी माणूस! पेपर तोच, नाव तेच, फक्त आता तो सरकारची आरती ओवाळणार. भाईसाबांनी त्यावर दुसरीकडे लिहिलं, तर त्यांना तुरुंगात घातलं. सुटल्यावर कुणी दारात उभं करीना, म्हणून ते इथे आले. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, संपादक तुम्ही, आणि सिमेंटच्या गोणींची पत्रं कसली लिहिता?" तर म्हणाले, "सिमेंटवर अजून बंदी आली नाही."

पण पहाटे उठून ते दुसरंच लिहायचे, उर्दूत एक पुस्तक. त्यांच्याबरोबर तुरुंगात असलेले काही लोक परत आलेच नव्हते. रेल्वेचे कामगार, कॉलेजची पोरं, त्यांच्याच पेपरातला एक कातिब, म्हणजे हाताने सुंदर अक्षरात पानं लिहून देणारा. "त्यांची नावं कुठल्याच पेपरात आली नाहीत," भाईसाब मला म्हणाले होते. "घरच्यांना मयतही दिली नाही. आता ती नावं माझ्याकडेच आहेत." त्यांचा दोह्यातला एक मित्र पुढच्या बोटीने निघून लंडनला जाणार होता, तो छापायची सोय करणार होता. दुसरी प्रत नव्हती. तुरुंगातून सुटलेला माणूस दोन प्रती ठेवायला घाबरतो.

त्यांना पेपरातली एक सवय होती. पान लिहून झालं की ते जमिनीवर सोडून द्यायचे. तिथे शिपाई खालचे कागद उचलून कातिबाकडे नेतो, म्हणजे खाली पडलेला कागद हा पक्का झालेला कागद. इथे मात्र कामावर जायच्या आधी ते स्वतःच सगळे गोळा करून पेटीत ठेवायचे. मामू तोवर किनाऱ्यावर गेलेले असायचे, त्यामुळे त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं.

आणि आमच्या मामूंचं नेमकं उलटं! कुराणाच्या लिपीतलं काहीही खाली दिसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मग ते खजुराच्या डब्यावरचं लेबल का असेना. उचलायचे, चुंबायचे, डोळ्यांना लावायचे आणि खुंटीवरच्या गोणीत टाकायचे. रमझानच्या आधी गोणीला दगड बांधून खोल पाण्यात सोडायचे. त्याला कागद थंड करणं म्हणतात. आमच्या गावीही तेच करतात. अरबी कुठली आणि उर्दू कुठली, हे मामूंना काय कळणार? त्यांना सगळंच अल्लाचं.

रमझान तोंडावर आला होता. त्या शुक्रवारी सुट्टी होती, मामू बाजारात गेले होते, आणि भाईसाबांनी सगळं पुस्तक चटईवर मांडलं, पानं क्रमाने लावायला. मी भाजी आणायला उम्म सलाल गावच्या शेतावर निघालो होतो. तेवढ्यात व्यापाऱ्याचा ड्रायव्हर दारात येऊन "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करू लागला. सिमेंटची बोट लागली होती, कागदपत्रं करायची होती. भाईसाब मला म्हणाले, "पानं राहू दे तशीच, आलोच." आम्ही एकदमच बाहेर पडलो.

संध्याकाळी परत आलो तर भाईसाब दारातच उभे होते. चटई स्वच्छ झाडलेली आणि खुंटी रिकामी. मामू न्हाऊनधुऊन, डोळ्यांत सुरमा घालून बसलेले.

"मामू, इथले कागद?" मी विचारलं.

"अरे, काय हा तुमचा पोरखेळ! अल्लाचं नाव जमिनीवर, माणसं ये-जा करतायत. सगळे गोळा केले आणि लाँचवाल्याला सांगून लांब नेऊन थंड करून आलो." मग भाईसाबांकडे वळून धीर देत म्हणाले, "काळजी नको भाईसाब. दगड चांगला मोठा बांधलाय, वर येणार नाय."

 मी ओरडलो, "मामू, तुमचा मुर्दा बसवला, काय केलंत हे!" सख्ख्या मामूला! आयुष्यात कधी उलट बोललो नव्हतो. पण पुढचं बोलायच्या आत भाईसाबांनी माझं मनगट धरलं. 

"शुक्रिया, मामू," ते म्हणाले. मला बाजूला नेऊन एवढंच सांगितलं, "सांगू नकोस. बिचारा म्हातारा आहे. मरेल." मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू! ओरडा की हो, भांडं तरी फेका! पण ते चटईवर बसले आणि मघाशी जिथे पानं होती तिथे हात फिरवत राहिले.

मित्र रिकाम्या हातांनी बोटीवर चढला. रमझान लागला. भाईसाबांनी पुन्हा कागद घेतला नाही. रोज रोजा सोडायच्या आधी ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा आणि ओठ हलायचे.

मामू खूश! एका संध्याकाळी मला कोपराने ढोसून म्हणाले, "बघितलंस? आधी नमाजाला उठत नव्हता, आता अल्लाच्या नावाची तस्बीह ओढतोय. कागदांची बरकत ही."

मी शेजारीच बसलो होतो, मला ऐकू येत होतं. ती माणसांची नावं होती. एकापाठोपाठ एक, हळू, मग करंगळीच्या पेरावर येऊन अडकायचे, पुढचं नाव आठवायचं नाही. डोळे गच्च मिटायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. रोज त्याच पेरावर थांबायचे.

तेवढ्यात अजान झाली. मामूंनी ताटलीतला सगळ्यात मोठा खजूर निवडून त्यांच्यापुढे सरकवला. "घ्या भाईसाब," ते म्हणाले, "आमच्यासाठी पण दुआत मागा हो काहीतरी."