बाबांचा खुराक

औंधला एका बंगल्यात मी स्वयंपाकाला जायचे. हिंजवडीकडे कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या आणि परदेशी माणसं आसपास भाड्याने घरं घेत होती. आमच्या मॅडम फ्रान्सच्या. सकाळी गाडीने कंपनीत गेल्या की दिवेलागणीनंतर यायच्या. घरात त्यांचे वडील एकटेच. त्यांना दुपारी जेवायला घालायचं आणि मॅडम येईपर्यंत थांबायचं, एवढंच माझं काम. आमचे हे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. तिथून मी बसने जायचे.

परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो. आजही तसंच आहे. म्हणून मला ते घर आवडलं. बाबांना मराठी येत नव्हतं, मला फ्रेंच येत नव्हतं. बोलायचा प्रश्नच मिटला.

बाबा ऐंशीच्या घरातले होते, पण दारातून आत येताना मान वाकवायचे, एवढी उंची. नाक एका बाजूला बसलेलं. बोटं अशी वाकडी, की शर्टाची बटणं मॅडम लावून जायच्या. आणि डावा कान फुटलेला, सुजून गोळा झालेला. माझं माहेर कसब्यातलं, घराला लागूनच तालीम. फुटलेला कान मी लांबून ओळखते. पहिल्याच दिवशी मनात म्हटलं, हे पैलवान.

तसे ते पैलवानच निघाले, फक्त ठोशांचे. खोलीत त्यांचा तरुणपणचा फोटो होता. अर्धी चड्डी, हातात फुगलेले मोजे, हनुवटी छातीत खुपसलेली.

त्यांची सगळी हकिकत मला कळली ती नारायण पेठेतल्या एका मुलीमुळे. ती कॉलेजात फ्रेंच शिकत होती. फ्रेंच येणाऱ्याला कंपनीत लगेच घेतात म्हणे. बोलायचा सराव व्हावा म्हणून ती मंगळवारी आणि शुक्रवारी बाबांकडे यायची, स्कूटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून. बाबा सांगायचे, ती वहीत लिहायची आणि मध्येच स्वयंपाकघराकडे तोंड करून मला मराठीत सांगायची.

बाबांचे वडील बंदरावर ओझी वाहायचे. बाबा सोळाव्या वर्षी तालमीत गेले आणि विशी ओलांडेपर्यंत त्यांच्या शहरात त्यांच्या तोडीचा हेवीवेट उरला नाही. हेवीवेट म्हणजे सगळ्यात वजनदार गडी. पॅरिसला त्यांची मोठी लढत ठरली. भिंतींवर जाहिरातीचे कागद चिकटले, आणि महायुद्ध सुरू झालं. बाबा सैन्यात गेले, पकडले गेले, जर्मनांच्या छावणीत राहिले. सुटून आले तेव्हा घरच्या रस्त्यावर शत्रूचे शिपाई उभे. तरी त्या दिवसांतही लोक ठोसे बघायला यायचे. शेकोटीला कोळसा नाही, म्हणून लोक कोट घालून बसायचे आणि बाबा उघड्या अंगाने लढायचे. जिंकलं की बटाट्यांचं पोतं मिळायचं. कधी लोणी.

"मावशी, ऐकलंत का?" मुलगी म्हणाली. "आपल्याकडे गदा देतात, यांच्याकडे बटाटे."

"गदा शिजत नाही," मी म्हटलं. तिने ते बाबांना सांगितलं. बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्याआधी माझ्या बोलण्यावर कोणी हसल्याचं मला आठवत नाही. मी आत पळाले.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांचं जेवण तुटलं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मॅडम दर रविवारी त्यांना वजनकाट्यावर उभं करायच्या आणि सोमवारी मला आकडा बोटांनी दाखवायच्या. आकडा खालीच जात होता. एका सोमवारी त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "इस महीने वजन नहीं बढ़ा, तो पापा वापस. उधर ओल्ड लोगों का घर है. वहाँ नर्स है." बोलताना त्यांचे डोळे भरले होते. बाबांना ते माहीत होतं. त्यांना व्हरांड्यातलं ऊन आवडायचं, इथेच राहायचं असं ते त्या मुलीला म्हणाले होते. मग जेवत का नव्हते?

मी होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. बिनतिखटाचं वरण, मऊ खिचडी, शिरा. बटाट्याची भाजी तर रोज. टेबलाशी उभं राहून वाढायचे. बाबा दोन घास खायचे, मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि बोटं तोंडाकडे नेऊन विचारायचे, तू?

"माझं झालंय," मी म्हणायचे.

की त्यांचा चमचा खाली.

माझा डबा आत ओट्यावर असायचा. बाबांचं आटोपलं की मी खाली बसून जेवायचे. पण त्यांनीच ताट सरकवल्यावर माझ्या घशाखाली काय उतरणार? कितीदा डबा तसाच खडकीला परत जायचा. एकदा बाबा पाणी प्यायला आत आले. त्यांनी माझा डबा उचलला, हातावर तोलला आणि होता तिथे ठेवला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा चाळा.

पुढच्या शुक्रवारी मुलगी आली. बाबा तिच्याशी बराच वेळ बोलत होते. मग तिने मला हाक मारली.

"मावशी, बाबा विचारतायत, तुम्ही रोज खोटं का बोलता?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काही हरवलंय की काय? काय चोरलं मी?

"अहो, चोरीचं नाही. 'माझं झालंय' म्हणजे काय ते त्यांनी मला दिवाळीतच विचारून घेतलं होतं. तुमचा डबा भरलेला असतो म्हणतात."

मग तिने बाबांचं बोलणं मला सांगितलं. एरवी तिरकं बोलणारी मुलगी, त्या दिवशी तिचा आवाज खाली आला होता. महायुद्धाच्या दिवसांत पाव रेशनच्या चिठ्ठीवर मिळायचा, माणशी थोडासाच. बाबांचं वजन एका आकड्याच्या खाली गेलं तर त्यांना हेवीवेटमध्ये उभं करत नसत, आणि मग बटाटे बंद. वजनाच्या दिवशी ते पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन काट्यावर उभे राहायचे. त्यांची आई आपला पाव त्यांच्या ताटात घालायची. आई, तू? असं ते रोज विचारायचे. ती रोज म्हणायची, माझं झालंय. बाबा जेवत राहिले, जिंकत राहिले. एका हिवाळ्यात आई पावाच्या रांगेत पडली. तिला उचललं ते बाबांनीच. इतकी वर्षं माणसं अंगावर घेतलेल्या त्यांच्या हातांना ती काहीच जड लागली नाही, असं ते म्हणाले. ती परत उठली नाही. महायुद्ध संपल्यावर बाबा चारदा लढले, चारदा हरले, आणि एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले. पॅरिसची लढत राहिलीच.

मी ऐकत होते आणि मला कसब्यातलं आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. माझा भाऊ तालमीत जायचा. घरातलं दूध त्याचं, बदाम त्याचे. आम्ही बहिणी कोरा चहा प्यायचो. त्याचा खुराक करायला आईला हाताखाली कोणीतरी हवं होतं, म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली. आई सगळ्यांना वाढायची आणि म्हणायची, माझं झालंय. ते खोटं आहे असं आम्हाला कोणालाच कधी वाटलं नाही. वाढणारी बाई असंच बोलते. मी पण ते खोटं म्हणून बोलत नव्हते.

बाबांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा," म्हणाले. मराठीत.

"नको, नको."

"मावशी," मुलगी म्हणाली, "त्यांना परत पाठवायला निघालेत आणि तुम्ही लाजत बसा."

मी खुर्चीच्या कडेवर टेकले. डबा उघडला. दोन पोळ्या आणि मेथी. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण पुरुषासमोर बसून मी कधी चावलं नव्हतं, आमच्या यांच्यासमोरसुद्धा नाही. घास तोंडात फिरत राहिला. बाबा वाकडी बोटं टेबलावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते, पंचासारखे. मला रडू येत होतं आणि मेथीला मीठ कमी पडलंय हेही कळत होतं. अर्धी पोळी संपली तेव्हा बाबांनी चमचा उचलला. बटाट्याची भाजी संपवली आणि वाटी पुढे केली.

त्यानंतर आम्ही रोज तसेच जेवलो. मी पहिला घास घ्यायचे, मग ते. महिना संपला त्या सोमवारी मॅडम कंपनीत न जाता माझी वाट बघत थांबल्या होत्या. त्यांनी दोन बोटं वर केली, दोन किलो वाढले होते, आणि मला एकदम मिठीच मारली. बाबा मागून आले, मला न्हाणीघराशी नेऊन काट्याकडे बोट दाखवलं. चपला काढून, पदर खोचून मी उभी राहिले. बेचाळीस किलो. बाबांनी मान हलवली, काहीतरी म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलीकडून अर्थ कळला. ठोशांच्या खेळात माझ्या वजनाच्या गटाला म्हणे माशीचं नाव असतं. "बाबा म्हणतात, तुमचा खुराक वाढवायला हवा."

बाबा पुढे दीड वर्ष त्या घरात होते. मॅडमचं इथलं काम संपल्यावर दोघं बरोबरच गेले.

काट्यावर उभी राहिले त्या आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. दुपारी मी यांचं ताट वाढलं. सवयीने हे म्हणाले, "तुझं?" माझ्या तोंडात ते शब्द आलेच होते. पण मी आत गेले आणि माझं ताट वाढून घेऊन आले. यांनी एकदा ताटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आज काय विशेष?"

मी ताट खाली ठेवलं. हे भिंतीकडे सरकले, सतरंजीवर माझ्यापुरती जागा झाली.

"मिठाची बरणी घेऊनच बस," म्हणाले, "नाहीतर परत उठशील."