महेजबीनच्या माथी मारलेली वीस मिनिटं

सिद्धू गोरड हा माणूस मुळात खोटारडा नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नाही नाही ते बोलाल. बोलायला हरकतही नाही म्हणा. तो स्वतःच स्वतःला बोलून घेतो.

माण तालुक्यात दहिवडीच्या अलीकडं त्याचं गाव. बाप बिरदेव दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. वाटेत समोरून दुसरा धनगर आला की दोघं थांबायचे. पुढं पाणी कुठं आहे, कुठल्या गावात शेतात मेंढरं बसवू देतात, कुठं कुत्री मोकाट सुटलीत, हे सगळं एकमेकांना सांगायचं आणि मगच पुढं सरकायचं. त्यात कुणी कुणाला फसवलं असं सिद्धूनं लहानपणी कधी ऐकलं नाही. जित्राबाच्या जिवाशी गाठ असते हो, कोण कशाला फसवेल?

सिद्धूचा जीव मात्र मेंढरांत रमेना. एकोणिसाव्या वर्षी तो साताऱ्याला आला आणि एसटी स्टँडाबाहेरच्या भाड्याच्या गाड्यांवर क्लीनर म्हणून लागला. तिथं त्याला अजमल मुल्ला भेटला. अजमल मूळचा मिरजेचा, सिद्धूपेक्षा दहा वर्षांनी मोठा, तोंडानं फटकळ. त्यानं शिव्या देत देत सिद्धूला गाडी शिकवली, लायसन काढायला लावलं आणि स्वतःच्या घरी जेवू घातलं. अजमलची बायको महेजबीन तेव्हा नवीनच लग्न होऊन आलेली. "आनि दोन भाकरी टाकते, माणदेशी पोट हाय," म्हणून हसायची. सिद्धू तिला भाभी म्हणायचा आणि अजमलला उस्ताद. ह्याला आता वीस वर्षं झाली. दोघांच्या आपापल्या सात सीटच्या गाड्या झाल्या, पण चहा अजून एकाच टपरीवर.

मग फोनवर रस्ता दाखवणारं ॲप आलं. अजमलनं पहिल्यांदा त्याची टिंगलच केली. "ती फोनातली बाई मला मिरजेची वाट दावणार? माझा जल्म तितला हाय!" पण ॲपनं भल्याभल्यांना गप्प केलं. एका पावसाळ्यात सिद्धू किडनीचा पेशंट घेऊन मिरजेला निघाला होता. कृष्णेचं पाणी चढत होतं. आष्ट्याच्या पुढं रस्त्यावर पाणी आलंय, असं तिथं अडकलेल्या कुणीतरी ॲपवर टाकलं, पाठोपाठ आणखी आठ-दहा जणांनी टाकलं, आणि सिद्धूनं अलीकडूनच गाडी तासगावकडं काढली. पेशंट वेळेत पोचला. ज्यानं पहिल्यांदा टाकलं त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. सिद्धूनं त्या माणसाला मनातल्या मनात कितीदा तरी रामराम घातला असेल.

मग त्यालाही नाद लागला. खड्डा दिसला की टाक. ट्रॉली उलटली की टाक. मेंढरं रस्त्यावर आहेत, हळू या, असंही टाक. कुणीतरी लांबून त्याचे आभार मानायचं आणि हा गडी दिवसभर खुशीत असायचा.

नाद वाईट नव्हता. वाईट निघाली ती हरिबाची अक्कल. हरिबा म्हणजे स्टँडावरचा सगळ्यात चलाख ड्रायव्हर. ॲप एकट्याचं ऐकत नाही, पण पाच-सहा जणांनी एका जागी एकच गोष्ट सांगितली की खरं धरतं, हे त्यानं हेरलं. "मग आपुन सहा जन हायच की," तो म्हणाला. नाका ओलांडायचा, आणि सहाही फोनांवरून दाबायचं: पुढं रस्ता बंद. मागून आणि समोरून येणाऱ्या गाड्या दुसरीकडं वळतात, आपल्याला रान मोकळं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. सिद्धूही हसला. चार गाड्या पाच किलोमीटर जास्त फिरल्या तर कुणाचं काय जातंय, असं त्याला वाटलं. अजमल ह्यात नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नाही, त्यानं एकेकाची चामडी लोळवली असती.

मागल्या साली फेब्रुवारीत सहा गाड्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन आष्ट्याकडं निघाल्या. मुहूर्त बारा पन्नासचा, नवरामुलगाच उशिरा आवरलेला, आणि पेठ नाक्याच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं. त्यात उसाचा हंगाम. वरमाय मागच्या सीटवरून सारखी, "आवं, जरा दामटा की!" साडेअकराला नाका ओलांडला आणि हरिबाचा फोन आला, "दाबा रं." सहा जणांनी दाबलं. तिसरा अंगठा सिद्धूचा होता.

वऱ्हाड वेळेत पोचलं. साडेबाराला कार्यालयाच्या पायरीवर बसून सिद्धूनं निवांत फोन उघडला, तर स्टँडाच्या ग्रुपवर सकाळचा निरोप पडलेला. अजमलभाईंची अम्मी रात्री मिरजेत वारली. दफन आज दुपारच्या नमाजनंतर, दीड वाजता. अजमल मुंबईचं भाडं टाकून सकाळी साताऱ्यात आला आणि बायको आणि मुलगी मिस्बाहला घेऊन सव्वादहा-साडेदहाला निघाला, असंही खाली कुणी लिहिलेलं.

सिद्धू ताडकन उठला. उस्ताद ह्याच रस्त्यानं येणार! त्यानं घाईघाईनं रस्ता चालू आहे असं टाकलं. पण सहा जणांनी खरं म्हटलेलं एकट्याच्या सांगण्यानं खोटं होईना. मागच्या गाड्या वळवलेल्या, म्हणून रस्ता ओस, आणि रस्ता ओस म्हणजे बंदच, असं त्या ॲपचं डोकं. मग त्यानं अजमलचा नंबर काढला. 'मी आत्ताच त्या रस्त्यानं आलो, चालू हाय,' एवढं म्हणायला काय जात होतं? आज त्याला हे सुचतं. तेव्हा, आपलं बिंग फुटंल, एवढंच सुचलं. एव्हाना उस्ताद पुढं गेला असंल, असं स्वतःला सांगून त्यानं फोन खिशात घातला आणि अक्षता पडल्यावर पंगतीत जाऊन बसला. जिलेबी वाढली, ती खाल्ली.

अजमल पुढं गेला नव्हता. पेठ नाक्यावर ॲपनं त्याला उसाच्या पट्ट्यातल्या आडरस्त्याला घातलं. एरवी त्यानं ऐकलं नसतं. पण आईच्या मयतीला निघालेला माणूस, डोकं ठिकाणावर नाही. इतके लोक सांगतायत तर खरंच असणार, म्हणून तो वळला. पुढं कॅनॉलच्या कडेनं अरुंद रस्ता. तिथं उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या, एकीचं चाक खचलं, आणि नाक्यावरून वळलेल्या सगळ्या गाड्या तिथंच येऊन अडकल्या. सव्वा तास गेला. मिरजेत भावानं अर्धा तास मय्यत थांबवली. मग मोठी माणसं म्हणाली, आता ठेवता येत नाही. अजमल कब्रस्तानाच्या दारात पोचला तेव्हा लोक हात झटकत बाहेर येत होते. आईचं तोंड दिसलं नाही, आणि सगळ्यांबरोबर तीन मुठी माती द्यायचा मुलाचा मानही गेला.

तिसऱ्या दिवशी अजमल साताऱ्याला परतल्यावर सिद्धू भेटायला गेला. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेला होता, देवाशपथ. पण तो बसतोय तोवर अजमलच बोलला.

"हिच्यामुळं, सिद्ध्या. निगताना म्हनली, मिस्बाहला शाळंतनं घिऊन येते. वीस मिन्टं लावली. वीस मिन्टं आदी निगालो असतो तर ट्रॉल्या यायच्या आत पार झालो असतो."

महेजबीन चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवला आणि आत गेली. सिद्धूनं कप उचलला. तो म्हणाला, "नशीब, उस्ताद." एवढंच. त्या एका शब्दाची त्याला आजही शिसारी येते.

पहिल्या दिवशी सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं, आणि महिन्यानं तर अशक्यच वाटायला लागलं. "गप ऱ्हा की गड्या, कुनाला कळतंय?" हरिबा म्हणायचा. सिद्धूनं ॲपवर काहीही टाकणं सोडून दिलं, म्हणजे जणू प्रायश्चित्त झालं! इकडं अजमलच्या घरात ती वीस मिनिटं रोज निघत होती. बाजारातून यायला उशीर झाला की, "तुला वीस मिन्टं लागत्यातच." मिस्बाहची चप्पल सापडेना की, "आईवर गेलीया." कधी नुसतंच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचा. महेजबीन उलटून बोलायची नाही. पूर्वी ही बाई अजमलला चारचौघांत गप्प करायची. सिद्धू आठवड्यातून दोनदा तरी तिथं जायचा आणि खाली मान घालून हे ऐकायचा.

ह्या फेब्रुवारीत अम्मीच्या वर्षाची फातेहा ठरली, म्हणजे तिच्यासाठी दुवा आणि जेवण. अजमल दोन दिवस आधी मिरजेला गेला आणि सिद्धूला म्हणाला, "दोगींना तू घिऊन ये." मिस्बाह गाडीत बसताच झोपली. कराड मागं पडलं. मग महेजबीन म्हणाली, "सिद्धूभाऊ, तुमी डायवर हाय म्हणून इचारते. खरं सांगा. वीस मिनिटांनी येवढा फरक पडतो?"

सिद्धूनं आरशात बघितलं नाही.

"मी रोज मनातनं तो रस्ता जाते," ती म्हणाली. "शाळेची मॅडम वर्गावर होती, ती लवकर आली असती तर. पोरीला मावशीकडं ठेवलं असतं तर. आमच्या सासूबाईंनी मला लेकीसारखं वागवलं हो. त्यांच्या लेकाची मिट्टी माझ्यामुळं चुकली. आता ते मला माफ करत न्हाईत, आनि मी तरी कशी करू?"

सिद्धूनं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत, मागं वळलाही नाही. तसाच समोर बघत त्यानं सगळं सांगितलं: हरिबाची अक्कल, नाका, साडेअकरा, सहा फोन, आपला अंगठा तिसरा, काढलेला आणि न लावलेला नंबर. बाजूनं गाड्या जात होत्या. सांगून झाल्यावर मागून प्रश्न आला.

"तिसऱ्या दिवशी घरी आलात, तवा तुमाला म्हायती हुतं?"

"व्हय, भाभी."

"चहा मीच दिला हुता तुमाला."

"व्हय."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "ह्यांना तुमी सांगायचं. माज्या तोंडानं मी न्हाई सांगनार. चला आता. उशीर झाला तर आनि माज्यावरच यील."

मिरजेत गाडी थांबली तेव्हा अजमल दारातच होता. महेजबीन मिस्बाहला घेऊन आत गेली. सिद्धूनं उस्तादाला बाजूला, गाडीच्या आडोशाला घेतलं आणि उभ्याउभ्या पुन्हा सगळं सांगितलं. हा आता गचांडी धरणार, अशी त्याची तयारी होती. धरली असती तर बरं वाटलं असतं.

अजमल टपावर हात ठेवून उभा राहिला. "रस्ता बंद केलास ते सोड," तो म्हणाला. "माजी आई जानार म्हनून तुला काय सपान पडलं हुतं? पण हरामखोरा, वरीसभर मी तिला बोलत हुतो आनि तू शेजारी बसून चा पीत हुतास. एकदा तरी माजं तोंड धरायचं हुतंस!"

"चुकलं, उस्ताद. माफ करा मला."

"मला काय मागतोस? तिच्याकडं माग." अजमलचे डोळे भरून आले होते. "मलाबी मागायचीच हाय. कुटल्या तोंडानं मागू, ते तू सांग."

आणि तो आत गेला.

सिद्धू तिथंच थांबला. आतल्या खोलीत बायका कुराण वाचत बसल्या होत्या, महेजबीन त्यांच्यात, आणि तिथं परक्या पुरुषानं जायची रीत नाही. ती बाहेर येईल म्हणून तो तासभर अंगणात उभा होता. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. कराडपासून मिरजेपर्यंत ती त्याच्या मागंच बसली होती. आपण तिला नाका सांगितला, वेळ सांगितली, कुणी कुणी दाबलं ते सांगितलं. माफ करा, असं एकदाही म्हणालो नाही. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

जेवणाचं ताट मिस्बाहनं आणून दिलं. "अम्मी म्हनली, जेवून जावा. उपाशी गाडी चालवू नका." सिद्धू गाडीच्या दारात बसून जेवला. भूक नव्हती, पण फातेहाचं अन्न टाकायचं कसं? ताट धुऊन त्यानं पोरीच्या हातात दिलं आणि एकटाच साताऱ्याला परत फिरला.

साताऱ्यात अजमलचं घर सिद्धूच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. महेजबीन दुपारी एकटीच असते, हेही त्याला माहीत आहे. दोन महिने झाले, तो अजून गेलेला नाही.