विमलाचा ग्लव्ह

नातीनं सॉफ्टबॉलचा नवा ग्लव्ह आणला आणि तो नरम पडावा म्हणून तेल चोळत बसली. चामड्याचा तो वास आला न् मी थेट आमच्या फायनलच्या मैदानावर जाऊन पोचले.

तेव्हा इंदूरमध्ये मुलींचा हा खेळ नवाच होता. ग्लव्ह इतके कमी, की दोन्ही टीम तेच वापरायच्या. बॅटिंगला जाणाऱ्या मुली आपले ग्लव्ह देऊन जायच्या, आतून ओले, गरम, आणि तेच आपण घालायचे. त्या सीझनमध्ये आम्ही एकही मॅच हरलो नव्हतो, अन् फायनलला जेमतेम एका रननं पुढे होतो.

शेवटच्या डावात आम्ही फील्डिंगला आलो, तेव्हा उज्जैनच्या कॅप्टननं, विमलानं, आपला ग्लव्ह माझ्या हातात चढवला आणि वादी स्वतः कसली. म्हणाली, "ढीला है, गिर जाएगा तेरा."

दोघी आउट झाल्या, तिसरी झाली की मॅच आमची; पण एक बेसवर उभी, आणि बॅटिंगला आली विमलाच. तिनं बॉल असा उंच मारला की उन्हात दिसेचना. मी पळत सुटले, हात वर केला, आणि तळहाताला चटका बसला. बॉल ग्लव्हमध्ये होता. आम्ही चॅम्पियन झालो होतो.

तेव्हा मला फक्त आमचा कप दिसला. आता त्या कपाइतकाच त्या मुलीचाही अभिमान वाटतो हो.

आमच्या पोरी नाचत होत्या, तेव्हा ती डोळे पुसत माझ्याजवळ आली.

"बॉल तू रख ले," ती म्हणाली, "ग्लव्ह इधर दे. मेरा है."