लेकीच्या घरचं पाणी

उंद्रीहून चिखलीकडे निघालं की डाव्या हाताला एक कडूनिंब लागतो. त्याच्या सावलीत रांजण पुरलेला आहे, वर लाकडी झाकण, झाकणाला साखळीनं बांधलेला स्टीलचा गिलास. मेंढरंवाले, ट्रकवाले, शाळेतून घरी निघालेली पोरं, मोटारसायकलवर भांडत चाललेले नवरा-बायको, सगळे तिथं थांबून पाणी पितात. रांजण उकंडरावचा आहे. शेतात पाय ठेवायच्या आधी तो रांजण घासणार, भरणार, गिलास राखेनं लख्ख करणार, मग बाकीची कामं. सोयाबीन वाळून चाललं असलं तरी यात बदल नाही.

लोक त्याला उकंडराव म्हणतात. मी उकंडा म्हणतो, कारण आम्ही एका वर्गात मार खाल्लेला आहे. पुढं मी मास्तर झालो, तो शेतात राहिला, पण माझ्या डोक्याला ताप देण्याचं काम त्यानं कधी सोडलं नाही.

त्याच्या नावाची गोष्ट आधी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत. म्हणून हा जन्मला तसा आईनं त्याला उकंड्यावर, म्हणजे शेणाकचऱ्याच्या ढिगावर नेऊन ठेवला आणि शेजारणीनं सुपात उचलून परत आणला. यमाला वाटावं की हा कचरा आहे, न्यायच्या लायकीचा नाही. नाव ठेवलं उकंडा. पोरगं जगलं. आपण जगलो ते आईनं रीत पाळली म्हणून, हे त्याच्या मनात तेव्हापासून जे बसलं ते बसलंच. त्यामुळं आमच्या गावात इतरांनी केव्हाच सोडून दिलेल्या रीती याच्या घरी अजून चालतात. नवं पाणी दिसलं, मग ती गोदावरी असो, लोणारची धार असो की साधा कालवा असो, हा चपला काढणार, ओंजळ भरणार, तीन घोट घेणार आणि ओला हात डोक्यावरून फिरवणार. पुलावरून गाडी जाताना खिशातलं नाणं खाली पडलंच पाहिजे.

आणि एक रीत होती, तिच्यावरून मी त्याच्याशी जन्मभर भांडलो. लेक लग्न करून दिली की तिला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. एरवी हा वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न असतो. नातवाचं बारसं होतं, जावई पंगतीला बसवतो आणि विषय संपतो. उकंडाची लेक पुष्पांजली एकुलती एक. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, दवाखाने झाले, नवस झाले, पाळणा काही हलला नाही. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही बोलावून पाणी पाजणारा हा माणूस स्वतःच्या लेकीच्या दारात मात्र कोरड्या घशानं बसायचा.

जावई गोकुळ आमच्याकडच्याच धाड गावचा. मास्तर आहे, स्वभावानं गरीब. भरतीत त्याचा नंबर लागला तो थेट कोकणात, मालवणच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात. आमच्या जिल्ह्यातली पुष्कळ पोरं अशी तिकडच्या शाळांवर गेलेली आहेत. पुष्पा सोबत गेली. विहिरीत डोकावताना माझा हात घट्ट धरणारी पोरगी तिथं पोहायला शिकली, होडी वल्हवायला शिकली. गावातल्या बचत गटाच्या बायका पर्यटकांना खाडी फिरवून आणतात, त्यात ती पुढारी झाली. थंडीच्या दिवसांत, चांदणं नसलेल्या संध्याकाळी तिथलं पाणी चमकतं. हात लावला की उजेड होतो. ते बघायला लांबून लोक येतात.

यंदा पाणी फार छान चमकतंय, या, असा तिचा फोन आला. उकंडाची बायको गीताबाई, तिनं स्वयंपाकघरातूनच सांगितलं की लेकीसमोर तोंड बांधून बसायला ती येणार नाही, एकदा जाऊन आली तेवढं पुरे झालं. मग सोबतीला कोण? मी.

निघताना त्याच्याजवळ काय होतं सांगतो. गीताबाईनं केलेल्या दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ओल्या गोणपाटात शिवलेला पाण्याचा कॅन. एवढा लांबचा प्रवास, गाड्या बदलत बदलत, आणि हा बाबा उंद्रीचं पाणी मांडीवर घेऊन बसलेला, जणू माहेरपणाला लेकरू नेतोय. कोल्हापूरच्या स्टँडवर मी मुद्दाम त्याच्यासमोर बाटलीबंद पाणी विकत घेतलं आणि म्हटलं, हे घे, हे कोणाच्या लेकीचं नाही. तो हसला फक्त.

पुष्पाच्या अंगणात पोचलो. तिनं पाय धुवायला तांब्या दिला, तो त्यानं घेतला. मग ती दोन गिलास पाणी घेऊन आली. मी माझा गिलास गटागटा प्यालो आणि वर चहा मागितला. मी काही तिचा बाप नाही. उकंडानं त्याच्या गिलासाला बोट लावलं, बोट कपाळाला लावलं आणि गिलास बाजूला सारला. तिला ठाऊक होतं तो पिणार नाही. तरी दर वेळी ती भरून आणते. थोड्या वेळानं तिनं तो गिलास उचलला आणि अंगणातल्या अनंताच्या बुंध्याशी ओतला. झाड चांगलं कमरेएवढं झालेलं होतं. बापानं न पिलेल्या पाण्यावर वाढलेलं ते झाड, मला त्याच्याकडे बघवेना. गोकुळ बिचारा उगाच सोयाबीनला भाव काय आहे ते विचारत राहिला.

संध्याकाळी ती होडी तयार करायला पुढं गेली आणि आम्ही दोघं धक्क्यावर बसलो. तिथं मी तोंड सोडलं. म्हटलं, तुझ्या रीतीनं ती पोरगी रोज मरते, तुला दिसत नाही का? दर वेळी तू गिलास सारतोस म्हणजे तिला सांगतोस की तुझी कूस रिकामी आहे. माणूस आहेस का कोण आहेस?

तो रागावला नाही. 

"वैजू, तुले नाही समजत," तो म्हणाला. "मी पाणी पिलो तं त्याचा अर्थ काय झाला सांग. बापानंच कबूल केलं का आता लेकराची आस नाही. जवर मी थांबून राह्यलो, तवर देवालेबी याद राह्यते का हा माणूस दारात बसेल हाय. मी उठलो तं मंग तिच्यासाठी कोण बसन?"

इतकी वर्षं मी त्याला हट्टी म्हणत होतो, मागासलेला म्हणत होतो, आणि हा तिच्यासाठी देवाच्या दारात धरणं धरून बसला होता. लेकीला तो टोमणा वाटत होता, बापाची ती आशा होती, आणि दोघांनी एकमेकांना ते कधी सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? आपल्याकडं बाप आणि लेक या विषयावर बोलत नाहीत.

अंधार पडला तशी होडी निघाली. केशरी जाकीट सदऱ्यावर चढवून, टोपी घट्ट ओढून उकंडा मधल्या फळीवर बसला. त्याचा कॅन घरीच राहिला होता, जाकिटाच्या गडबडीत दोघांच्याही लक्षात आलं नाही. आमच्यासमोर पुण्याचं एक जोडपं होतं. वल्ही पुष्पाकडे, पुढच्या टोकाला गटातली एक बाई. किनाऱ्यावरचे दिवे मागं गेले, पुष्पानं सगळ्यांना मोबाईल बंद करायला सांगितलं आणि डोळे अंधाराला सरावू द्या म्हणाली.

मग वल्हं पाण्यात शिरलं आणि तिथं निळा उजेड सांडला. चुलीत फुंकर घातल्यावर राखेखालचा निखारा दिसावा तसा, पण निळा, आणि लगेच गेला. दुसरं वल्हं, पुन्हा उजेड. होडीच्या कडेनं एक निळी रेघ आमच्यासोबत चालली होती. एक मासा दचकून पळाला, तो पळाला ती वाट दिसली. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं. पुष्पा सांगत होती की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांना धक्का लागला की ते उजळतात; पाणी शांत राहिलं तर काहीच दिसत नाही. तिचा आवाज इतका ठाम होता की ही आपलीच विद्यार्थिनी, हे मला पुण्याच्या माणसांना सांगावंसं वाटलं.

पुण्याच्या बाईंना गप्पांची हौस. तुम्ही इकडच्या वाटत नाही, रोज होडी चालवता का, घरी कोण कोण असतं, असं विचारत विचारत त्यांनी तेही विचारलं, मुलं किती? वाईट हेतूनं नाही, सहज.

पुष्पाचं वल्हं चालूच होतं.

"मुलं नाहीत," ती म्हणाली. "आता होणारही नाहीत. आम्ही दवाखाने बंद केले. सुरुवातीला फार रडले, आता नाही रडत. मी बरी आहे. फक्त माहेरी हे कोणाला सांगायचं धाडस झालं नाही."

शेवटचं वाक्य पुण्याच्या बाईंसाठी नव्हतं. त्यांना ते कळलं नाही, पण होडीत ज्याला कळायचं होतं त्याला कळलं. माझ्या शेजारी बसलेला उकंडा हलला नाही. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं आता हा रडेल, किंवा परत फिरवा म्हणेल.

त्यानं चपला काढल्या. काठावरून वाकला आणि दोन्ही हात खाडीत घातले. मनगटापर्यंत उजेड चढला, बोटांच्या फटींतून निळे थेंब गळायला लागले. त्या थकल्या, भेगाळलेल्या हातांकडे तो नुसता बघत राहिला. उजेडाचं हे पाणी त्याला नवंच होतं, आणि नवं पाणी दिसल्यावर त्यानं जे आजवर केलं तेच केलं. ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि तीर्थ म्हणून मोठा घोट घेतला. अरे बाबा, ते खारं आहे, असं मी म्हणेपर्यंत घोट गेलेला होता.

ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून, नाकातून पाणी. पुण्याच्या बाई घाबरून समुद्राचं पाणी पिऊ नये असं सांगायला लागल्या. मी माझी कोल्हापूरची बाटली उघडून त्याच्यासमोर धरली. तिकडून पुष्पानं वल्हं सोडून पायाशी ठेवलेली तिची बाटली उचलली, घरून भरून आणलेली. अर्ध्या वाटेत तिचा हात थांबला. तिला आठवलं असणार.

"बाबा, तुमचा कॅन घरी राह्यला," ती हळूच म्हणाली. "काकांची बाटली घ्या."

उकंडानं माझा हात बाजूला केला.

"हे नाही," तो खोकत खोकत म्हणाला. "तुह्या घरचं दे."

वल्हं थांबलं होतं म्हणून खाडीचा उजेडही विझलेला. गर्द अंधारात मला फक्त त्याच्या घोटांचा आवाज येत होता. एक, दोन, मग सलग. ठसका केव्हाच थांबला होता, तरी तो पीतच होता. बाटली रिकामी झाल्याचा आवाज आला.

"पुष्पे," तो म्हणाला, "मले वाटे मी तुह्यासाठी थांबलो. तुले किती लागत असन, हे मले समजलंच नाही वं. लेकरू नसू दे. तू हायस ना."

तिनं त्याच्या हातातून बाटली घेतली आणि तो ओला हात दोन्ही हातांनी धरून तशीच बसली. होडी वाऱ्यानं आपोआप फिरली. पुढची बाई शहाणी होती, तिनं काही न विचारता वल्ही स्वतःकडे घेतली आणि पुन्हा आमच्याभोवती उजेड झाला. मी दुसरीकडे तोंड केलं. मला सर्दी झाली होती असं मी सगळ्यांना सांगितलं आहे आणि तेच खरं धरावं.

घरी आल्यावर उकंडा अंगणात नाही, आत स्वयंपाकघरात जाऊन बसला. भात, तो माशाला शिवत नाही म्हणून डाळीचं वरण, आणि लोणचं. गोकुळला काय करू आणि काय नको असं झालं, त्यानं वरणात दोनदा तूप वाढलं. जेवता जेवता उकंडा म्हणाला की वरणात मीठ कमी आहे. लेकीच्या हातच्या जेवणाला नाव ठेवायचा हक्क त्याला पहिल्यांदा मिळाला होता आणि पुष्पा खळखळून हसली.

हात धुऊन त्यानं गोणपाटातला कॅन उचलला आणि अंगणात गेला. मी पाठोपाठ गेलो. एका हातानं तो उंद्रीचं पाणी अनंताच्या बुंध्याशी ओतत होता आणि दुसऱ्या हातात स्पीकर चालू असलेला फोन होता, त्यावर गीताबाई.

लेकीच्या घरी आपण पाणी पिलो, एवढंच त्यानं सांगितलं. का, कसं, काही नाही. तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

"कसं लागलं?" गीताबाईनं विचारलं.

"गोड हाय," उकंडा म्हणाला.

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"मंग माहं तिकीट काढा," ती म्हणाली.